एकच रोगी मंजूर

बाभुळगाव,
ता. ८ नोव्हेंबर १९६४

चि. सत्यशीलेस आजीचा जय भीम, आणि दोन्ही कानशिलांवर दहाही बोटं मोडून आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहून राह्यली तुही काकू कौसल्या, बोल माहे. म्हणून यात जिथं शहाणपण दिसन ते माहं समज अन् जिथं चूक दिसन ती तिची. हे ऐकून तिनं मान वर करून पाह्यलं. मी म्हटलं, लिही बाई, परीक्षेले बसाचं आहे ना, मग हे शुद्धलेखन समज.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर आलो तवा तू आम्हा दोघींले तुह्या दवाखान्यात नेलं अन् रक्त काढून घेतलं. माह्ये टोंगळे उठता-बसता वाजतात म्हणून माह्यं, कौसल्येचे बोटं सुजतात म्हणून तिचं. त्याले इतके दिवस झाले. त्या रक्ताचं तू केलं काय? लोणचं घातलं असन तर आतापर्यंत मुरलं असन. आमच्या गावची पोरगी मोठ्या दवाखान्यात रक्त तपासते म्हणून मी चारचौघात मान ताठ करून सांगते, अन् तू घरच्याच रक्ताले विसरते.

माह्या टोंगळ्यांचं काही नाही. ते लग्नाच्या आधीपासून बोलतात, मीच ऐकत नाही. पण कौसल्येचं तसं नाही. सकाऊन उठली की तिचे बोटं वाळल्या शेंगेसारखे आकडलेले असतात. एका हाताचे नाही, दोन्ही हाताचे, अन् दोहीकडं तेच गाठे, मुठीचे अन् मधल्या पेराचे. ऊन ओसरीवर चढून पार भिंतीले टेकते, तवा कुठं मूठ मिटते. हे पत्र म्हणूनच जेवणं झाल्यावर लिहून राह्यलो.

तुले माहीत आहे, एप्रिलात तिची सातवीची परीक्षा आहे. यवतमाळले जाऊन द्याची, अन् पेपर सकाऊन आठले. इथल्या पोरींच्या शाळेले बाई नाही. सातवी पास होऊन ये, तुलेच घेतो, असं सरपंच चावडीवर म्हणाले. चौथीनंतर लग्न झालेली बाई एवढ्या वर्षांनी पाटी घेऊन बसली, तिचं डोकं उघडलं अन् हात बंद पडले. आठ वाजता जिले पेन धरता येत नाही, तिनं पेपर काय नाकानं लिहाचा?

तुहा काका देवराव पंचायत समितीत कारकून झाला तवापासून शिक्का नसलेली वस्तू त्याले दिसत नाही. मी म्हटलं, बायकोचे हात पाह्य. तो म्हणाला, आधी दवाखान्याचा कागद येऊ दे. म्हणून पोरी, कागद धाड.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नको. फक्त तो वेळेवर टपालात टाकत जा.

तुही आजी इंदूबाई
(अंगठा आजीचा, शाई ऑफिसची. — कौ.)


नागपूर,
ता. १७ नोव्हेंबर १९६४

ति. आजीस सत्यशीलेचा जय भीम व सादर वंदन. वि. वि.

तुझं टोमण्यांनी भरलेलं पत्र पोचलं. रक्ताचं लोणचं घातलं नव्हतं. ही तपासणी आमच्याकडे रोज होत नाही, बरेच नमुने जमले की एकदम लावतात, म्हणून उशीर झाला.

तू विचारणारच, म्हणून कसं करतो ते सांगते. रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी सुटतं. ते ओळीनं मांडलेल्या नळ्यांत घालायचं, दर नळीत आधीच्यापेक्षा निम्मं पातळ. मग प्रत्येक नळीत मेंढीच्या रक्ताचे कण सोडायचे. त्यांना आधी सशाच्या रक्ताच्या पाण्याचा हात लावलेला असतो. संधिवात झालेल्या माणसाच्या रक्तात एक जिन्नस असतो, त्यानं हे कण एकमेकांना धरतात आणि नळीच्या बुडाशी चटईसारखे पसरतात. तो जिन्नस नसला तर कण घसरून मधोमध बसतात, सदऱ्याच्या लाल बटणासारखे दिसतात. चटई म्हणजे पॉझिटिव्ह, बटण म्हणजे निगेटिव्ह.

आजी, तुझ्या पहिल्या काही नळ्यांत चटई पडली. काकूच्या मात्र सगळ्या नळ्यांत बटण. म्हणजे संधिवात तुला आहे, तिला नाही. तिला अशक्तपणा असेल, गूळ-शेंगदाणे खायला सांग. तू हसण्यावारी नेऊ नको. गुडघे वाजतात त्याचं कारण आता कळलं. दोघींचे शिक्क्याचे कागद काकांसाठी सोबत ठेवले आहेत.

काकूला सांग, रोग नाही हे कागदावरच आलं, आता निश्चिंतपणे अभ्यास कर.

माझी आठवण रागावून काढलीस तरी चालेल, पण काढत जा.

तुझी नात
सत्यशीला


बाभुळगाव,
ता. ३० नोव्हेंबर १९६४

चि. सत्यशीला हीस काकाचे अनेक आशीर्वाद.

विषय : मातोश्रींचा संधिवात.

तुझे पत्र व सोबतचे दोन दाखले पावले. दाखल्यांवरील शिक्का स्पष्ट असून सही वाचता येते, हे पाहून समाधान वाटले. अलीकडे असे क्वचित पाहावयास मिळते.

मातोश्रींचा दाखला येथील किसनराव डॉक्टरांस दाखविला. त्यांनी त्याआधारे गोळ्या दिल्या आहेत. मातोश्रींस ताबडतोब बाजेवर निजविण्यात आले असून कापूस वेचणीस जाणे, ओल्या जमिनीवर बसणे, ताक व वांगी हे सर्व बंद करण्यात आले आहे. त्या फार आरडाओरड करतात, परंतु तो रोगाचाच भाग असावा.

सौ. कौसल्या ही दाखल्यावरून निर्दोष ठरली आहे. घरात एकच रोगी मंजूर झाल्यामुळे मातोश्रींकडील दळण, पाणी, धुणी वगैरे कामे तिच्याकडे वर्ग केली आहेत. सकाळी हात चालत नाहीत अशी तिची तक्रार अद्याप आहे, परंतु त्यास कागदोपत्री आधार नाही, हे तिला समजावून सांगितले.

तुझ्यामुळे घरातील संभ्रम दूर झाला. कृपालोभ मंजूर आहेच, तो कायम राहावा.

तुझा काका
देवराव


बाभुळगाव,
ता. १८ डिसेंबर १९६४

चि. सत्यशीलेस बाजेवरून आजीचा आशीर्वाद. वि. वि.

बाजेवरून म्हणते, काहून की मले खाली पाय ठेवू देत नाहीत. रक्ताच्या परीक्षेत मी पास झाली अन् सूनबाई नापास, तवापासून मह्या नशिबी हे सुख आलं. साऱ्या बाया वेचणीले गेल्या. दिवसभर वावरात त्यांच्या गोष्टी चालतात, अन् त्या मह्याशिवाय चालतात, हे मले सोसत नाही. शेजारचा लखीराम रोज येऊन मले पाहून जाते, अन् बाहेर गेल्यावर मान हलवते. एवढ्या मेंढ्या अन् ससे मिळून मह्यात काय पाहून गेले कोण जाणे. अंगात कुठं दुखते म्हणून मी रोज शोधते. सापडत नाही.

आता हसणं पुरे झालं. पोरी, तुह्या कागदानं घरात उलटं झालं. मी धडधाकट बाजेवर, अन् जिच्यानं होत नाही तिच्यावर दोघींचं काम. सकाऊन भाकरीचं पीठ ती बोटानं मळत नाही, मनगटानं दाबते. परवा विहिरीवरून येताना भरली घागर हातातून सुटली. देवराव म्हणाला, लक्ष कुठं असते. रात्री पुस्तक घेऊन बसली, पानं हाताच्या कडेनं उलटून राह्यली होती. परीक्षेचा फारम भरू का नको, असं मले विचारलं. मी म्हटलं, भर. पण म्हणताना मले भेव वाटलं.

म्हणून मी एक उपाय काढला. किसनराव डाक्टरच्या गोळ्या देवराव सकाळ-संध्याकाळ स्वतः मह्या हातावर ठेवते अन् समोर उभा राह्यते. मी हात तोंडाशी नेते, मान मागं टाकते, घटघट पाणी पिते. गोळी मुठीतच राह्यते. तो वळला की ती कौसल्येले. आठ दिवसांत तिची मूठ जरा लवकर मिटायले लागली. अन् देवराव ऑफिसात सांगून राह्यला की आईले गोळ्या मानवल्या, आई हिंडायले मागते. मी बरी होऊन राह्यली, बाई. आजारीच नव्हती, तर बरं व्हायले किती वेळ लागते.

तिच्या पोटात मात्र जळजळ होते म्हणते. (मी गोळ्या मागितल्या नव्हत्या. पण फरक पडतो. काकांना कळवू नको. — कौ.)

मले असं वाटते की तुह्या हातून नळ्या बदलल्या. सासूची सुनेले अन् सुनेची सासूले. तुले रागवत नाही, गर्दीत लेकरंही बदलतात. पण एकदा पाह्य.

माया आहेच, तिच्यासाठी रक्त तपासायची गरज नाही.

तुही आजी इंदूबाई


नागपूर,
ता. २६ डिसेंबर १९६४

ति. आजीस सत्यशीलेचा जय भीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. ताबडतोब गोळ्यांची ही चोरटी वाहतूक बंद कर. त्या गोळ्या रिकाम्या पोटी, अंदाजानं घेतल्या तर आतडी सोलून काढतात. काकूला कुणी तपासलं नाही, किती द्यायच्या ते ठरलं नाही, आणि तू मुठीतून औषध वाटतेस.

नळ्या बदलल्या म्हणालीस त्याचा मला राग आला, खरं सांगते. दोघींच्या नळ्यांवर नावं मी माझ्या हातानं लिहिली होती. तरी ठेवलेल्या नमुन्यांतून पुन्हा लावून पाहिलं. तेच आलं. तुझी चटई, काकूची बटणं. रक्त खोटं बोललं नाही. मग खोटं कुठं होतं, हे मला कळेना, म्हणून आमच्या डॉक्टर वामनरावांकडे गेले. तुझी सगळी हकिगत सांगितली, गोळ्यांसकट. ते हसले नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, "हात कोणी पाहिले?"

आजी, मी रक्त पाहिलं, काकांनी शिक्का पाहिला, किसनराव डॉक्टरांनी कागद पाहिला. हात तू एकटीनं पाहिलेस.

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. तो जिन्नस म्हातारपणी कितीतरी निरोगी माणसांच्या रक्तात थोडा थोडा सापडतो. तुझी चटई पहिल्या काही नळ्यांतच होती, पुढं सगळी बटणंच. रोग जोरात असला तर सहसा फार पातळ केलेल्या नळीतही चटई पडते. शिवाय तुझे टोंगळे वाजतात, पण सुजत नाहीत, सकाळी आखडत नाहीत. ती वयाची झीज. उलट ज्यांना खरोखर संधिवात आहे, त्यांतल्या पुष्कळांच्या रक्तात तो जिन्नस मिळतच नाही, रोग नवा असला तर अनेकदा चकवतो. काकूचं दुखणं याच पावसाळ्यातलं. दोन्ही हातांचे तेच सांधे, सकाळची एवढी लांब आखड, ही लक्षणं त्यांनी ऐकताच मान डोलावली. म्हणाले, रक्त हा एक साक्षीदार आहे, पंच नव्हे. आणि मी साक्षीदाराचा जबाब ऐकून निकाल लिहून पाठवला होता. गूळ-शेंगदाण्यांसकट.

काकूला इकडे आणा. लवकर आणा. सांधे वाकडे व्हायच्या आत औषध सुरू झालं पाहिजे, असं ते म्हणाले. हे पत्र काकांना वाचून दाखवायला काकूला सांग.

माझ्यावरचा विश्वास थोडा उडाला असेल, तो परत बसेपर्यंत मायेवर भागव.

तुझी
सत्यशीला


बाभुळगाव,
ता. १ फेब्रुवारी १९६५

चि. सत्यशीलेस आजीचा जय भीम अन् ढीगभर आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यात आपली भेट झाली, पण तू तुह्या नळ्यांजवळ होती अन् खरा तमाशा डाक्टरच्या खोलीत झाला. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुहं पत्र देवरावले वाचून दाखवलं. गोळ्यांची ओळ कौसल्या गिळून गेली. तो म्हणाला, दाखला निर्दोष असताना हात दाखवाचं कारण काय, अन् एका घरातून दोन रोगी कसे न्याचे. मग मीच विचार केला की मंजूर रोगी तर मी आहे ना, मग त्याचा फायदा मीच घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाऊन मी कण्हायले लागली. असं कण्हली की लखीराम हातातली काठी घेऊनच धावत आला. म्हटलं, मले नागपूरले न्या, मोठ्या डाक्टरले दाखवा, अन् बुढीसोबत बाईमाणूस पाह्यजे, म्हणून सुनेले घ्या. देवरावनं मातोश्री अत्यवस्थ म्हणून रजेचा अर्ज टाकला. अर्ज मंजूर झाल्यावर त्याचाही विश्वास बसला.

वाटेत कळंबच्या स्टँडवर फुटाणे घेतले. खाता खाता मी कण्हणं विसरून गेली. कौसल्येनं कोपरानं ढोसलं तवा आठवलं.

वामनराव डाक्टरनं मले उकिडवी बसवली, उभी केली, पुन्हा बसवली. म्हणाले, आजीबाई, हे टोंगळे अजून कैक वर्षं कुरकुर करतील अन् चालतील, यांले हिंडू द्या. मी देवरावकडं पाह्यलं. तो खिशातून मह्या दाखल्याचा कागद काढून राह्यला होता. डाक्टरनं तो घेतला, वाचला, घडी करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, तुमच्या बायकोचा हात धरा.

पोरी, देवराव साहेबापुढं उभा राह्यते तसा उभा राह्यला. लग्नात हात धरला असन तेवढाच. कंपाउंडर मारोती तिथंच पट्ट्या गुंडाळून राह्यला होता, तो भिंतीकडं तोंड करून हसला. डाक्टर म्हणाले, लाजू नका, एकेक गाठा दोन बोटांनी दाबत जा. देवरावनं पहिला दाबला. कौसल्येचे डोळे भरले. दुसरा दाबला. मग तो स्वतःच थांबला. म्हणाला, हे गरम आहेत. डाक्टर म्हणाले, हो. तो म्हणाला, दोन्ही हाताचे गरम आहेत. डाक्टर पुन्हा हो म्हणाले. मग त्यानं हळूच विचारलं की मग कागद?

डाक्टर म्हणाले, "कागद माझ्याकडे राहू द्या. हात तुमच्याकडे."

परत येताना त्यानं कळंबले मले विचारलं, आई, तिच्या हाताले पाणी किती गरम कराचं, चटका बसन एवढं की सोसन एवढं? मी म्हटलं, सोसन एवढं.

आता गोळ्या मोजून, जेवण झाल्यावर. सकाऊन कोमट पाण्यात हात. सूज असन त्या दिवशी हाताले आराम, रात्री मनगटाले फळी बांधाची. पोटातली जळजळ थांबली. पीठ देवराव मळते. भाकरीही तोच थापते, एकेक भाकर तालुक्याच्या नकाशासारखी निघते, नदीनाल्यांसकट. आम्ही कोणता तालुका खाऊन राह्यलो ते ओळखत जेवतो. (आज दारव्हा होता. — कौ.) अन् मी सुटली, बाई. शेवटची वेचणी सापडली मले. बायांजवळ साऱ्या गोष्टी मह्यासाठी शिल्लक होत्या.

पण परीक्षा अजून समोर आहे. मूठ आता लवकर मिटते, तरी आठच्या आत नाही. तेवढ्यासाठी जीव टांगणीले आहे. फारम भरला.

आपली आठवण ठेव. न ठेवली तर पुन्हा आजारी पडून तिथं येईन, मले आता जमते.

तुही आजी इंदूबाई


नागपूर,
ता. २ एप्रिल १९६५

सौ. काकूस सत्यशीलेचा जय भीम व प्रेमाचं वंदन. वि. वि.

हे पत्र आजीला नाही, तुला आहे, म्हणून तिला वाचून दाखवताना टोमणे तिनं स्वतःचे घालावेत.

मागच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायला आलीस तेव्हा तुझ्या हातांवरची सूज पाहून मला बरं वाटलं. म्हणजे कमी झालेली सूज पाहून. रक्त खाली बसायचा वेगही निम्म्यावर आला आहे, तो सुजेचा अंदाज देतो, त्यावरून औषध लागू पडतंय असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा त्यांनी मेंढीच्या कणांची ती तपासणीही पुन्हा करून घेतली. तिचा निकाल सोबतच्या बंद पाकिटात आहे. शिक्का मारला आहे, काकांना आवडेल. तो मी इथं लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले की चटई निघो नाहीतर बटण, तुझं औषध तेच राहणार. परीक्षेआधी पाकीट उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

परीक्षेच्या दिवसांसाठी त्यांनी सांगितलंय ते असं. पेपर आठला, तर उठायचं खूप आधी. उठल्याबरोबर नुसते हात भिजवायचे नाहीत, पाण्यातच बोटं उघडमीट करत राहायची, पाणी निवलं की बदलायचं. थोडं खाऊन गोळी. जाड दांडीचं पेन घे, किंवा पेनाला चिंधी गुंडाळ. पातळ पेनाला बोटं जास्त आवळावी लागतात. गणित आधी सोडव, निबंध शेवटी, तोवर हात मोकळा होईल.

हे सगळं एकट्यानं होणार नाही. बरोबर कोणीतरी पाणी तापवणारं हवं. कोण येईल ते कळव.

इकडून लक्ष तुझ्या दहा बोटांकडे आहे.

तुझी
सत्यशीला


बाभुळगाव,
ता. २४ जून १९६५

चि. सत्यशीलेस आजीचा जय भीम अन् भरभरून आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बदललेलं पाहून घाबरू नको. कौसल्या शाळेत गेली आहे. शिकायले नाही, शिकवायले. पंधरा दिवसांमागं निकाल लागला, पास झाली, अन् सरपंचानं बोलल्याप्रमाणं केलं. म्हणून आज लिहाले देवरावले बसवलं आहे. मी म्हटलं, मी सांगन ते जसंच्या तसं लिहाचं, मनानं एक शब्द इकडचा तिकडं कराचा नाही. तो म्हणाला, ते ऑफिसात रोजच करतो.

तर लिही. यवतमाळले बायकोसोबत कोण गेलं? देवराव बैल गेला. (असे मातोश्री म्हणाल्या. — दे.) लखीराम म्हणाला, मह्या बायकोले धाडतो. देवराव म्हणाला, नको, पाणी किती गरम ते मले समजते. रजा काढली, अन् अर्जात कारण लिहिलं, पत्नीचे हात. साहेबानं विचारलं, हे काय कारण झालं. हा म्हणाला, साहेब, पाहाचे असतील तर दाखवतो. मंजूर केली त्यानं.

उतरले त्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात तीन दगड मांडून यानं चूल केली. तिथं उतरलेली पोरं आंघोळीचं पाणी समजून लोटे घेऊन आली, यानं कोणाले हात लावू दिला नाही. ती बोटं उघडायची, मिटायची, हा पाणी बदलायचा. शेवटच्या दिवशी मूठ मिटेचना. तवा बादलीवर ताट झाकून शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन गेला, अन् तिथं उभ्यानं तिचे हात त्यात बुडवून ठेवले. बाकीच्या परीक्षेच्या बाया पाहून राह्यल्या होत्या. घंटा झाली तवा ओले हात याच्या धोतराले पुसून ती आत गेली. हे मले कौसल्येनं सांगितलं, यानं नाही सांगितलं. आता लिहाले लावलं तर मान खाली आहे.

तुह्या त्या पाकिटाचं सांगते, काहून की तू पत्रात तीनदा विचारलं अन् यानं उत्तरात तीनदा विषय बदलला. पाकीट आलं त्या दिवशी हे दोघं निघायच्या गडबडीत होते. यानं ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, की मग वाचू. ज्यानं जन्मात शिक्क्याचा कागद न वाचता ठेवला नाही, त्यानं वाचला नाही. तिथं सवड झाली नाही. घरी आल्यावर तिच्या हाताले धुणं नको म्हणून यानं कपडे स्वतः धुतले, खळखळ आपटून आपटून. खिशातून लगदा निघाला. शिक्क्याची जांभळी शाई सदऱ्याले लागली आहे, ती अजून गेली नाही.

तर तुह्या मेंढ्यांनी कौसल्येच्या रक्तात काय पाह्यलं ते तुले माहीत. आम्ही इथं तिचे हात पाहून राह्यलो. कधी आखडतात, कधी मोकळे असतात. काल फळ्यावर चांगलं मोठं अक्षर काढून आली. परवा हात वर होईना, तर पोरींनाच एकेक करून लिहाले लावलं. हे दुखणं जाणारं नाही असं डाक्टर म्हणाले ते आमच्या ध्यानात आहे. अन् मी वेचणी, निंदणी, साऱ्या गोष्टींले हजर आहे.

म्हणून सांगते, त्या कागदाची दुसरी नक्कल धाडू नको. हा वाचत बसला तर पाणी कोण तापवन?

इथं आता तिघांचा लोभ आहे, एकट्या आजीचा समजू नको.

तुही आजी इंदूबाई

(वरील मजकूर मातोश्रींच्या सांगण्यावरून लिहिला व त्यांस वाचून दाखविला. 'बैल' हा शब्द गाळण्याची विनंती नामंजूर झाली. शाळा सुटण्याची वेळ झाली असून चुलीवर पाणी ठेवावयाचे आहे, सबब येथेच थांबतो. — देवराव)